आधी चाकावर

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई सुई घुसलेलं बोट धरून बसल्या होत्या. शेजारच्या दोघी बोलत होत्या, आणि बाई काही कान झाकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"यजमानांचा हात भाजला कसा?"

"चाकावर धाव चढवताना. लोखंडी कडं लालभडक तापवायचं, दोघांनी सांडशीनं उचलून लाकडी चाकावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. जरा उशीर झाला की लाकूड जळतं."

"दोघांनी म्हणजे?"

"हे आणि धाकटे भावजी."

"त्यांचा तर अबोला ना?"

"माझी धाकटी रांगत होती तेव्हापासून. आता ती कॉलेजात जाते."

"मग काम कसं होतं?"

"नुसत्या मानेनं. एकाची हलली की दुसरा उचलतो. पण एक चाक कधी डुगडुगत परत आलं नाही."

"कमाल आहे बाई."

"काल यांची सांडशी सटकली, मनगट कड्याला टेकलं. भावजी ओरडले, 'दादा, हात!'"

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला गेला. त्यांनी मागच्या आजोबांना पुढे पाठवलं.

"अगोबाई, बोलले म्हणजे. मग यजमान काय म्हणाले?"

"म्हणाले, 'हात राहू दे, तू पाणी ओत.'"

"ओतलं?"

"ओतलं ना. आधी चाकावर, मग हातावर."