सोडलं तरी थांबत न्हाय

हॅलो?… हां रोशनी, बोल… न्हाय गं, निघतोय कुठला. राहनाळलाच हाय. गोडाऊनच्या मालाच्या लिफ्टमध्ये अडकलोय… खरंच. दोन मजल्यांच्या मधी. पाऊण तास झाला लाइट जाऊन… चोहीकडं खोके, पाय पसरायला जागा न्हाय. जीव गुदमरतोय. पण ते ऱ्हाऊ दे… तिकडं शेलार गावात लाइट हाय ना घरी?… बरं. अंतराळवीर मॅडम आल्या लॅपटॉपवर?… मंग? जोडलंस यान स्टेशनला, त्या कॉम्प्युटरवरच्या खेळात?…

दोनदा आपटलं?… आणि हा शेवटचा चान्स… अगं ऐक ना. उठू नको त्या सीटवरून. भंगारातली फोर्कलिफ्टची सीट, तिचाच दांडा, तीन रविवार घातलेत मी त्या सिम्युलेटरमध्ये… काय करतेस नक्की?… हां. दांडा पुढं… जवळ आलं की सोडतेस. बरोबर हाय की. मीच शिकवलंय तसं… मंग आपटतं कसं?

स्पीकरवर टाकलास?… नमस्कार मॅडम. सुभाष बोलतोय, रोशनीचा पप्पा… हो, फोर्कलिफ्ट चालवतो… हो, लिफ्टमध्येच अजून. तुम्ही किती दिवस होता तिकडं वर, डब्यात?… पाच महिने? मला पाऊण तासात आई आठवली, मॅडम… घाबरल्यावर काय करायच्या तुम्ही?… हातातलं काम. हां.

मंग एक विचारू? आमच्यात दांडा सोडला की माल जागच्या जागी थांबतो. यान का न्हाय थांबत?… अडवायला कायच न्हाय तिथं… म्हणजे एकदा ढकललं की जातच ऱ्हातं?… थांबवायला उलटा दाबायचा. जेवढा पुढं, तेवढाच मागं…

अरे देवा. म्हणजे पोरीला मीच चुकीचं शिकवलं.

रोशनी… तुझं कायच चुकलं न्हाय, बाय. चूक माझी. माझं शिकवलेलं विसर, मॅडम सांगतात तसं कर. जरासा पुढं दाब, हात काढ. जवळ आलं की तेवढाच मागं… फोन चालूच ठेव. मी हाय.

किती मीटर ऱ्हायले?… वीस… घाई न्हाय… बारा…

कोण? रामू? लिफ्टच्या बाहेर तूच का?… लाइट आली? न्हाय न्हाय, बटन दाबू नको. रुक भाई… खाली गेलो की रेंज जाते… अरे ठीक हूँ मैं. दो मिनट अंदरच ऱ्हाऊ दे मला… येडा न्हाय झालो. पोरगी यान जोडतेय तिकडं…

हां रोशनी… तीन?… आता मागं. जेवढा पुढं दाबलास तेवढाच… हात काढ.

…रोशनी?… लागलं का गं स्टेशनला?…

जोडलं?… खरं सांग… मॅडम काय म्हणाल्या?… हो, रडतोय. इथं कोण बघतंय मला… येतो गं, ठेव.

रामू… हां, दाब आता बटन.