हात जोडून बसलेलं

— वाकून बघा, पर टाकीच्या काचंवर टकटक करू नगा पाव्हणं, त्ये काम माझं. सांगलीस्नं इट्याला आलाय, पाणी तरी घ्या. मासं इकणारा माणूस तुमी, तुमाला कळंल ह्ये काय हाय. मला न्हाई कळलं. सारा जलम कोचीनला गलाईच्या, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात गेला माझा. मूस भट्टीतनं बाहेर आली की नुसत्या रंगावरनं सांगायचो, सोन्यात तांबं किती, चांदी किती — आन् ह्ये बोटाएवढं जनावर वळखाया आलं न्हाई!

टाकी आमच्या पोरानं, राजवर्धननं मांडून दिली. दुकान आता त्योच बघतोय, कोचीनला. भामाबाई — माझी मालकीण — ती गेली तवा म्हनला, आबा, तुमी एकलं बसताय, मासं बघत जावा. खारं पाणी, समुद्रातला दगड, समदं त्येनंच आणलं. आमच्या गल्लीत प्यायचं पाणी टँकरनं यायचं, आन् माझ्या सोप्यात समुद्र! लोक बघाया यायचं. पर त्या दगडाच्या भोकातनं न सांगता कोण कोण आलतं, कुणाला ठावं? पैल्यांदा आवाज झाला — टक्! काच तडकली म्हून सूनबाई शिवांजली पोळी तव्यावर टाकून पळत आली. मग रोजचंच, टक्, टक्. आन् हिकडं मासं कमी व्हाया लागलं. माझी नात संयोगिता, तिचा त्यो नारिंगी पट्ट्याचा मासा गेला, काटासुदिक ऱ्हायला न्हाई. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. म्या म्हनलं, त्यो टक्-टक करणाराच खातोय. दगड उचलला, बादलीवर उपडा धरला — पडला खाली. कोळंबीवानीच, पर एक नांगी ही एवढी, दुसरी आपली बारकी. टाकला गोड्या पाण्यात. तडफडून मेला. — काय? — नुसता आवाज करतोय? माशाला हात लावत न्हाई? — आवं, मग आधी सांगायचं न्हाई व्हय! — बरं, तवा तुमाला तरी कोण वळखत हुतं.

त्यो मेला, तरी मासं जातच ऱ्हायलं. आन् ह्यो, त्याच दगडातला दुसरा — ह्यो बघा आला! काडी बघितली की येतोय. डोळं बघा, देठावर बसवल्यावानी, एक तुमच्याकडं, एक माझ्याकडं. आन् हात? कसं जोडल्यात! सूनबाईला म्हनलंबी मी, ह्या घरात सकाळी मला हात जोडणारं एवढं एकच हाय. खराट्याच्या काडीला बाजारातल्या कोळंबीचा तुकडा लावून चारायचो. आवाज न्हाई, गडबड न्हाई, लय गुणाचं वाटलं. परवा माझ्या डोळ्यादेखत निळा मासा दगडाजवळनं चाललाता — ह्येनं जोडल्यालं हात उघडलं. आतनं नुसतं काटं, काटं! मासा गेला भोकात. आन् पुन्यांदा हात जोडून बाहेर बसलं, माझ्याकडं बघत. माझ्या हातचं खाऊन, गड्या! जेवान गेलं न्हाई त्या दिवशी मला.

म्हून सूनबाईला म्हनलं, दुकानवाल्याला फोन कर, ह्ये एवढं घिऊन जाऊ दे. — पर बोटाएवढ्या जनावराला टेंपो कशाला आणला तुमी? आन् ही एवढी पिंपं? — समदी टाकी? कुणी सांगितलं? — राजवर्धननं? तुमाला फोन केला त्येनं? — नीट बोला, मला कमी ऐकू येतंय. — घर बंद करणार. दसरा झाला की. सून, नात, समदी कोचीनला. — आन् मी? — कसली सोय? — सांगलीत, म्हाताऱ्यांच्या आश्रमात. बरं. चांगली जागा हाय म्हनला? तुमच्या दुकानाच्या मागंच? — ‘आबांना इतक्यात बोलू नका’ म्हनला. — तुमच्यावर कशाला चिडू, तुमी आपलं पिंपं घिऊन आलाय.

तरीच. सूनबाई बॅगा भरतीया, म्हनली म्हायेरात लगीन हाय. पोरीच्या शाळंत जाऊन आली, दाखला आणला, म्हनली झेरॉक्स काढायचीया. आन् राजवर्धन गणपतीला आलता. पाया पडला, हात जोडून हुबा ऱ्हायला, म्हनला आबा, तब्येतीला जपा. भांडाण न्हाई, कोण वरच्या आवाजात बोललं न्हाई. मला वाटलं, घर कसं शांत झालंय! आधी पोरगा लय भांडायचा माझ्यासंगं. दुकानावरनं, जेवणावरनं, कशावरनंबी. भांडायचा तवाच बरा हुता.

त्यो पाइप ठेवा खाली. मासं ऱ्हायल्यात त्येवढं न्या, उगं मरतील. ह्येला न्यायचं न्हाई. हात लावू नगा म्हनतोय ना! ह्यो काय करतोय ते तरी मला आता ठावं हाय. — चा? न्हाई मिळायचा चा. उठा. जावा. — आन् जाताना दार हळू लावू नगा. आपटा. मला ऐकू आलं पायजे.