जेवलीस का विचारणारा सापळा

हॅलोविन, तो परदेशी भुताखेतांचा सण, शुक्रवार पेठेत कुटनं आला म्हणता? पोरीच्या शाळेतनं. त्यासाठी मी ऑनलाइन एक हाडांचा सापळा मागवला. समोरनं कुणी गेलं की तो मान हलवून खदाखदा हसायचा. पहिल्याच हसण्याला आमची गौरा रडून रडून लाल झाली. मग कामावरनं दमून आल्यावर मी तो खोलला, हसण्याची चिप काढली, आवाज भरता येणारी दुसरी जोडली आणि माझ्याच आवाजात भरलं, "गौरा, जेवलीस का गं?"

तिची भीती पळाली.

काल डबल ड्युटी करून आलो, पाय नुसते तुटत होते. बघतो तर ती सापळ्यापुढं ताट घेऊन बसलेली. म्हटलं, "चल, आज माझ्याजवळ जेव की."

म्हणाली, "तुमी झोपा, पप्पा. लई दमलाय तुमी. मी ह्या पप्पांसंगं जेवते."