बस्त्याव अंकलचं उकळतं औषध

लॅटिनचा उपयोग काय, असं आमच्या मरोळच्या बस्त्याव अंकलना कुणी विचारायचं नाही. तरुणपणी ते पाद्री व्हायला गेले आणि दोन वर्षांत परत आले, पण लॅटिन काही सुटलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी कॉलेजात होते. शेजारच्या सावंतकाकूंना त्यांच्या मुलाने मस्कतहून पित्तावरच्या गोळ्या पाठवल्या. नळीवर लिहिलेलं, 'इफर्व्हेसंट'. मला अर्थ लागेना, म्हणून अंकलना बोलावलं.

"फर्व्हेरे म्हणजे उकळणं," अंकल म्हणाले. "पाण्यात टाकली की उकळायला लागणार. इबुलियंट पण त्यातलाच. माणूस उत्साहाने उतू जातो ना, तो इबुलियंट. इ म्हणजे बाहेर, बुला म्हणजे बुडबुडा."

मी गोळी पाण्यात टाकली. पेला खरंच फसफसला. काकू दोन पावलं मागे सरल्या.

"आधीच पोटात आग पडली हा, त्यात उकळता पानी कित्याक ओतू?"

"घाबरतेस काय गं? आधी मी पितो," म्हणत अंकलनी थोडं औषध बशीत ओतलं आणि चक्क फुंकर मारायला लागले. स्वतःच्या लॅटिनवर एवढा विश्वास!

मी पेल्याला हात लावला. "अंकल, गार आहे हो."

काकूंनी पेला ओढून घेतला, गटागटा रिकामा केला आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाईल असा ढेकर दिला.

आता तरी अंकल ओशाळतील, असं मला वाटलं. ते बशी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "बघ, बुडबुडा बाहेर आला. इबुलियंट."