चालू की बंद

(सांगणारे: दिगंबर ठोंबरे, कारखान्यातले निवृत्त तपासनीस, आनंद नगर, भोपाळ)

लिहा, पण मी बोलतो तसंच लिहा, मागून सुधारून काही घालू नका. तो फोन टेबलावर ठेवलाय तो चालू आहे ना, दाखवा बरं. हां. तर आमचं मूळ गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडं, पण मी ते दोनदा पाहिलं असेल. वडील नागपूरला सरकारी दप्तरात चपराशी होते, राजधानी बदलून दप्तर भोपाळला आलं तसे तेही आले, कागदांच्या गाठोड्यांसोबत आई, कडेवर मी आणि एक पाटा-वरवंटा. आई मरेपर्यंत म्हणायची, दोन वर्षांत आपल्याला परत नेणार आहेत. कुणी सांगितलं होतं तिला कोण जाणे. मला वाटते तिथूनच माझ्यात हे आलं, कुणी काही सांगितलं की आधी विचारायचं, कोण म्हणालं, आणि कागद कुठाय.

मग नोकरीही तशीच लागली. इथलाच पिपलानीचा मोठा कारखाना, त्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं. काम काय, तर संशय घेणं. वरून कागद यायचा की पार्ट बरोबर आहे, मी कागद बाजूला ठेवायचो, पार्ट हातात घ्यायचो, मापाचा गेज लावायचो. बसला तर पास, नाही बसला तर लाल खडू. शॉपमधले कामगार चिडायचे, म्हणायचे ठोंबरेजी, आप तो घरवाली को भी गेज लगाकर लाए होंगे. मी म्हणायचो, नाही बाबा, तिनंच मला लावून पाहिला होता.

ही सुमन, माझी बायको. ऐकून राहिली आहे बरं का, तिला सगळं समजते. नागपूरची. लग्न होऊन पिपलानीच्या क्वार्टरात आली तेव्हा हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं, आणि वर्षभरात आमच्या लाइनीतल्या साऱ्या बायकांना शिवण शिकवायला लागली, हिंदीत, अशी की लोक मला विचारायचे, भाभीजी इधर की ही हैं क्या. आणि घरात मराठी बोलायचं कामही तिचंच. मी आपला हूं, हां, बघू. मुलगा अविनाश बाहेर हिंदी तसाच घरातही हिंदी, सून इकडच्या सागर शहरातली, गुणी आहे, पण तिला मराठी येत नाही. म्हणजे या घरात मराठी म्हणजे बोलणारी सुमन आणि समोर हूं करणारा मी, असं चाळीस वर्षं चाललं.

गेल्या दिवाळीनंतर तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, मग हात हळूहळू सुधारला, जीभ मात्र सुधरेना. महिन्याभरानं पाणी, नको, उठव, असे एकेक शब्द यायला लागले, सगळे मराठी. सून काही विचारायची तर ही नुसती तिच्याकडं बघत राहायची. मला वाटलं रुसली आहे, सुनेवर नाही तर माझ्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इनकी हिंदी फिलहाल चली गई है, मराठी बची है, दिनभर मराठी कान पर पड़नी चाहिए, तभी बोली लौटेगी, टीवी लगाइए, बातें कीजिए. मी मनात म्हटलं, चाळीस वर्षांची हिंदी जाते कुठं? छत्री आहे का ती, बसमध्ये विसरायला? मला वाटलं बाई आम्हाला वाटेला लावून राहिल्या आहेत.

पण टीव्हीचं म्हटलं ते मी धरून बसलो, कारण बोलणं मला जमण्यातलं नव्हतं. आमच्या केबलवाल्याकडं मराठीचं एकच चॅनेल, तेही लहर लागली की यायचं. अविनाश म्हणाला, बाबा, छतावर डिश लगवा लेते हैं, मराठी पैक ले लेंगे, फोन पर दो मिनट का काम है. दोन मिनिटांत होणाऱ्या कामावर माझा विश्वास नाही. मी जवाहर चौकात गेलो, बस बदलून, तिथं एक दुकानदार तीन-तीन कंपन्यांच्या डिश विकतो. टक्कल पडलेला, गोड बोलणारा माणूस. त्यानं तीन याद्या दिल्या, म्हणाला अंकलजी, तीनों में मराठी भरपूर, सब चालू है. हे चालू ऐकलं की माझे कान उभे राहतात.

घरी येऊन वही केली. एका पानावर एक कंपनी, रेघा मारून रकाने पाडले, चॅनेलचं नाव, नंबर, आणि पुढं चालू की बंद. आणि काय सांगू तुम्हाला, याद्या म्हणजे नुसती भरताड. एकच चॅनेल साधं आणि तेच पुन्हा एचडी, मोजले दोन. एक मराठीत धरलेलं, पण दिवसभर कढया आणि गुडघ्याचं तेल विकणारं. एक तर कधीच बंद पडलेलं, नाव यादीत तसंच. मग मी दुकानात जाऊन बसायला लागलो, म्हटलं कागद ठेवा बाजूला, एकेक लावून दाखवा. सकाळी बघितलं तर दुपारी परत जायचो, सकाळी मराठी असलेलं दुपारी हिंदीतली मालिका दाखवते की काय. दुकानदार शेवटी म्हणाला, अंकलजी, आप खरीदने आए हैं कि छापा मारने? तरी चहा पाजायचा, खोटं कशाला बोलू.

दुपारी घरी आलो की सुमनजवळ बसून वही वाचायचो. तिला विचारल्याशिवाय घ्यायचं कसं? वाचायचो, स्वयंपाकाचं चॅनेल आहे, हवं? मग थांबायचो. तिला मान हलवायला सुद्धा वेळ लागायचा. कीर्तनाचं आहे, हवं? थांबायचो. जुन्या सिनेमांचं? तिनं सिनेमाला निघाल्यासारखा पदर सावरला, म्हणजे हवं. असे दोन महिने गेले, अविनाश वैतागला, म्हणाला बाबा, मां का टाइम जा रहा है. ते मला लागलं. खरंच वेळ जात होता. मला भीती वाटायची की चुकीचं घेतलं तर, आणि त्याहून मोठी ही, की बरोबर घेतलं आणि तरी ती बोललीच नाही तर.

एके दिवशी दुकानदाराचा फोन आला. मला कमी ऐकू येते म्हणून मी फोनचा आवाज मोठा ठेवतो, सुमन बाजूलाच होती. म्हणाला, अंकलजी, आज हाँ कर दीजिए, आंटीजी के लिए मराठी पैक, और साथ में शिक्षा पैक मुफ़्त, साल भर शिक्षा मिलेगी. मी काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला, मी काय केलं?

मी वळून पाहिलं. सुमन. चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी. चार महिन्यांत तीन शब्द एका ओळीत आले नव्हते. मी फोन ठेवला, विचारलं, शिक्षा म्हणजे काय ग? तिनं डावा तळहात पुढं केला आणि उजव्या हातानं, त्या कमजोर हातानं, त्यावर छडी मारल्यासारखं केलं. अहो, या बाईनं अविनाशच्या शाळेत वर्षानुवर्षं बैठकांना जाऊन शिक्षा कैसी चल रही है, म्हणजे शिक्षण कसं चाललंय, असं विचारलेलं आहे, तिथं मला बोलायची पाळी येऊ दिली नाही. आणि आता तिला वाटलं, आपल्याला वर्षभर मार बसणार आहे. तेव्हा मला पटलं. डॉक्टरीणबाई खरं बोलत होत्या, सुमन रुसली नव्हती, आणि मी चार महिने तिच्यावर संशय घेत बसलो होतो. मला रडू आलं, लिहा, लपवू नका. मी तिला म्हटलं, तू काही नाही केलं, ते शाळेचं चॅनेल आहे, आपण नाही घ्यायचं. ती म्हणाली, नको.

त्याच आठवड्यात डिश बसवली. दुसऱ्या कंपनीची, आठ मराठी चॅनेल, आठही मी माझ्या डोळ्यांनी चालू पाहिलेली. बसवणाऱ्यालाही, त्यानं एकेक लावून दाखवल्याशिवाय मी सही दिली नाही. सुमननं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जुना सिनेमा लागला होता, तिच्याच आवडीचा, आणि ती टीव्हीकडं पाठ करून माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, आवाज कमी करू? नाही. दुसरं लावू? नाही. मग तिनं बोट दाखवलं, कपाटावरच्या वहीकडं.

टीव्ही मराठी बोलतो, पण तिच्यासाठी थांबत नाही. मी थांबत होतो, यादी वाचायला का होईना. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

आता रोज दुपारी मी वही काढतो. चॅनेल संपली, मग घरातल्या वस्तू लिहिल्या, मग माणसं. मी वाचतो, ती सांगते, चालू की बंद. शिवणयंत्र? बंद. मिक्सर? चालू. तुझी आई? बंद, म्हणते, आणि मी पान उलटतो. सून दारात उभी राहून ऐकते, परवा तिनं स्वतः विचारलं, आई, चहा? सुमन म्हणाली, चालू. आता शब्द वाढून राहिले आहेत, रोज नाही, पण वाढतात.

मागच्या आठवड्यात मी विचारलं, आणि मी? तिनं बराच वेळ पाहिलं माझ्याकडं, तोंड जरा वाकडं होते अजून हसताना, आणि म्हणाली, चालू. आता चालू म्हणजे अजून बंद पडला नाही असं, की चालू माणूस आहे असं, ते मी विचारलं नाही. गेज न लावता पास केलं.

बस, इतकंच आहे. फोन बंद करा, बंद झाला ते दाखवा. आणि घाई नसेल तर काय लिहून घेतलंत ते एकदा वाचा, मला बघायचं आहे तुम्ही काही घातलं तर नाही. इकडं बसा, तिच्याकडं तोंड करून. हळू वाचा, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबा.