गोठ्यातलं अर्थिंग

विजेच्या कामात आमच्या साखरशेत गावात माझा हात धरणारा कुणी नाही. खरं म्हणजे, गावात टेस्टर एकट्या माझ्याकडंच आहे.

आमच्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमन बघून म्हणाला, "सॉकेटला अर्थिंगच नाही. सळई जमिनीत पुरा, पण तिथं ओल कायम पाहिजे." उन्हाळ्यात आमच्याकडं कायम ओली जागा एकच, गोमूत्रानं भिजलेली, गाईच्या खुंट्याजवळची. मी तिथंच सळई ठोकली, सॉकेटची वायर तिला गुंडाळली आणि फ्रीज चालू केला.

तशी गाभण गाय हंबरडा फोडून उडाली. बायको अनवाणीच गोठ्याकडं धावली.

"शिवू नको तिला! करंट उतरलाय!"

"आज गाईची मस्करी का?" म्हणत ती पुढं गेलीच. जन्मभर थापा मारल्या, आता खरं कोण ऐकणार? मी घरात झेप घेतली आणि मेन स्विच खाली ओढला.

बाहेर सगळं गप्प. हाक मारायची माझी छाती होईना.

मग गोठ्यातून आवाज आला, "ओल कायम पाहिजे म्हणाला ना वायरमन? गाय मी अंगणात बांधते. आजपासून खुंट्याजवळ तुम्ही बसा."