बोंबील लिफ्टने वर येतात

...नाही, मला एक सांगा, मुलगी एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, बंदरावरच्या एका कंपनीत एसीतली नोकरी मी चार लोकांकडे शब्द टाकून पक्की केलेली, आणि ही म्हणते, बाबा, मी सुकी मासळी विकणार! साफ करून, पाकिटात भरून, घरपोच! अहो, ज्या बोंबलांचा वास अंगाला राहू नये म्हणून मी करंजाचा कोळीवाडा सोडून विचुंब्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, ते बोंबील आता लिफ्टने वर येतात! सोसायटीचे सेक्रेटरी मला बघितलं की नाकाला रुमाल लावतात. पण हिची प्रेरणा काय? कुठून आली?

करंजाला आईला फोन केला, म्हटलं, नातीला समजाव. तर आई म्हणते, "मी कशी समजावू? माल मीच देते तिला. तू खाली जा, दोन पोती पाठवलीत."

तुम्हाला सांगतो, परवा तर कहर झाला. कॉलेजातले सर आले, फॉर्म घेऊन. शिकणारी मुलं धंद्यात का पडतात म्हणे, त्याचा सर्व्हे! मी आपला इस्त्रीचा शर्ट घालून बसलो, फोटोबिटो काढले तर असावा. सर एकदम मऊ आवाजात, "समृद्धी, तुझी प्रेरणा काय? स्वातंत्र्य? काही नवं करायची ओढ?" मी मागून खुणा करतोय, आजीचे कष्ट सांग, कोळ्यांची परंपरा सांग... तिनं सरळ लिहिलं, 'बाबा'.

ऊर भरून आला हो माझा! सर म्हणाले, म्हणजे त्यांचा पाठिंबा होता?

"नाही सर. बाबा रोज संध्याकाळी बूट काढताना म्हणायचे, उद्या साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकतो. मी आठवीपासून वाट बघत होते. शेवटी ठरवलं, आपल्याला साहेबच नको."

आतून आशालता, म्हणजे आमची ही, खो खो हसली. खरंच होतं. रिटायर झालो त्या दिवशी त्याच साहेबाच्या हातून शाल घेतली, वर वाकून नमस्कार केला. पोरीसमोर मान खाली गेली ती गेलीच.

आणि आता? सकाळी नऊला कात्री घेऊन बसतो, बोंबलांची डोकी काप, शेपट्या काप... काल एक शेपटी राहिली, तर म्हणते, "बाबा, लक्ष कुठंय?" एकोणतीस वर्षं साहेबाकडून हेच ऐकलं! माझी प्रेरणा काय, हे कोणी विचारतंय का? बस्स झालं. उद्या सकाळी पोरीच्या तोंडावर राजीनामा फेकतो की नाही बघा...

थांबा, लिफ्ट आली वाटतं. ती कात्री द्या इकडे.